क्लास डी अँपची तुलना: आधी अडॅप्टर बघा, मग चिप

क्लास डी अँपच्या (अँप्लिफायरच्या) डब्यावर ‘३०० वॉट + ३०० वॉट’ छापलेलं असतं आणि त्याच डब्यातून निघालेल्या अडॅप्टरवर ‘२४ व्होल्ट, ५ अँपिअर’. चोवीस पंचे एकशेवीस. १२० वॉटच्या अडॅप्टरातून ६०० वॉट निघत नाहीत, कितीही भारी चिप लावली तरी. हा आकडा छापणारा अगदीच खोटं बोलत नसतो. चिपच्या डेटाशीटवरची कमाल क्षमता उचलून तो डब्यावर चिकटवतो, इतकंच. त्यामुळे दोन अँपची तुलना करताना पुढची बाजू सोडा, मागे वाकून अडॅप्टरचं लेबल वाचा.

खालचं सगळं घरच्या संगीतासाठी आहे: माजघरात किंवा हॉलमध्ये दोन स्पीकर, टीव्ही, मोबाईल, फार तर एखादा सबवूफर. गणपतीच्या मंडपाला किंवा लग्नाला लागणारा पीए सेट हे वेगळं गणित आहे.

क्लास डी म्हणजे काय, थोडक्यात

‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाले म्हणून पुढचं अक्षर. कल्पनाही नवी नाही; सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचं एक्स-१० हे या पद्धतीचं किट १९६४ मध्ये विकायला आलं होतं. आउटपुट ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा न ठेवता पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवायचा, सेकंदाला चार ते सहा लाख वेळा, आणि चालू राहण्याचा वेळ आवाजाप्रमाणे कमी-जास्त करायचा. पुढे कॉईल आणि कपॅसिटरचा फिल्टर ही उघडझाप गाळून फक्त गाणं स्पीकरकडे जाऊ देतो. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहत नाही म्हणून उष्णता कमी. पूर्ण आवाजावर क्लास डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवणाऱ्या जुन्या क्लास एबीची पन्नास-साठ.

क्लास एबीच्या जुन्या ४४४० चिपचा बोर्ड आणि १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर ज्यांनी जोडलाय त्यांना हा फरक हाताला कळतो. तिथे हीटसिंकवर बोट ठेववत नाही, इथे डबा जेमतेम कोमट. मे महिन्यात, काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेल्या अँपला हे फार मोलाचं. लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवायचं असेल तर आणखीच.

पायरी १: स्पीकरला किती लागतं ते काढा

स्पीकरच्या मागे दोन आकडे असतात. एक इम्पीडन्स, म्हणजे ४, ६ किंवा ८ ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. घरगुती बुकशेल्फ स्पीकरला हा आकडा साधारण ८४ ते ८८ असतो.

८६ डेसिबलची जोडी धरा आणि बसायची जागा ३ मीटरवर. अंतरामुळे आठ-नऊ डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॉटवर कानाशी ८० डेसिबल येतात, आणि घरात तेवढा आवाज भरपूर असतो. पण तबल्याची थाप किंवा पखवाजाचा धूम सरासरीपेक्षा १५ डेसिबल तरी वर उडी मारतो. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणून १५ डेसिबलला सुमारे ३२ पट. हिशेब निघाला: दर चॅनेलला ३० वॉट. खरे ३० वॉट, छापलेले नाहीत.

कौलारू घरात थोडं जास्त धरा. वर स्लॅब नसतो, माळ्यावरून आणि कौलांच्या फटींतून आवाज निघून जातो. स्पीकर पडवीत ठेवून खळ्यात बसणार असाल तर ती उघडी जागाच. अंतर दुप्पट झालं की पूर्ण ६ डेसिबल जातात आणि तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट पॉवर, म्हणजे १३० वॉट लागतात. अशा ठिकाणी मोठं अँप घेण्याऐवजी ९२ डेसिबलचे स्पीकर घ्या. स्पीकरचे ६ डेसिबल आणि चौपट वॉट यांचा परिणाम एकच, आणि वॉटचा अडॅप्टर मात्र दरवेळी वेगळा विकत घ्यावा लागतो.

पायरी २: व्होल्टवरून खरे वॉट

घरगुती क्लास डी बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात. म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं अँप चालवतं आणि स्पीकरवर जास्तीत जास्त अडॅप्टरच्या व्होल्टेजइतकंच शिखर येतं. सूत्र सोपं आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट.

१२ व्होल्ट: ८ ओहमला ९ वॉट, ४ ओहमला १८
१९ व्होल्ट: २२ आणि ४५
२४ व्होल्ट: ३६ आणि ७२
३२ व्होल्ट: ६४ आणि १२८
३६ व्होल्ट: ८१ आणि १६२
४८ व्होल्ट: १४४ आणि २८८

यातून दहा-पंधरा टक्के वजा करा, कारण ट्रान्झिस्टर, कॉईल आणि वायर थोडं खातात. मग दुसरी मर्यादा लावा: अडॅप्टरचे व्होल्ट गुणिले अँपिअर, त्याचे ९० टक्के, आणि ते दोन्ही चॅनेल मिळून. ४८ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे २४० वॉट. स्पीकरकडे सलग जाणार २१५ च्या आसपास. ४ ओहमवर दर चॅनेलला २८८ कागदावरच राहतात. गाण्यातले क्षणिक ठोके आतले मोठे कपॅसिटर भागवतात, म्हणून प्रत्यक्षात थोडी ढील मिळते. सलग बास वाजला की ती संपते.

आता याच यादीतून खरेदीचा निर्णय घ्या. ३२ चा अडॅप्टर काढून ३६ चा लावला तर फरक १ डेसिबल. कानाला कळणार नाही. २४ वरून ४८ वर गेलात तर ६ डेसिबल; तो नक्की कळतो, पण आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० लागतात. घरात ८ ओहमचे ८८ डेसिबलचे स्पीकर असतील तर २४ व्होल्ट पुरतात, वरचे पैसे स्पीकरवर घाला.

जाहिरातीतला वॉट किती विकृतीला मोजलाय तेही बघा. १० टक्के टीएचडी (हार्मोनिक विकृती) म्हणजे आवाज आधीच फाटलेला. टीपीए३२५५ च्या डेटाशीटमध्ये ४ ओहमला १० टक्क्यांवर ३१५ वॉट आणि १ टक्क्यावर २६० असे दोन्ही आकडे आहेत. डब्यावर कोणता येतो ते सांगायला नको.

पायरी ३: चिप ओळखा

सगळ्यात खाली पीएएम८४०३. ५ व्होल्टवर चालते, ३ वॉटची. खेळण्यातल्या, बॅटरीवरच्या छोट्या स्पीकरला ठीक, घरच्या सेटला नाही.

टीपीए३११० आणि टीपीए३११८: छोट्या खोलीला उत्तम. ३११८ चा तळ बोर्डाच्या तांब्यावर डागलेला असतो आणि ८ ओहमवर २४ व्होल्टला दर चॅनेल ३० वॉट हीटसिंकशिवाय देते. पायरी १ मधला आपला हिशेब इथेच भागतो!

टीपीए३११६ ही तिची थोरली बहीण. उष्णता वरच्या बाजूने काढते, वर हीटसिंक बसतो. ४ ओहमला २१ व्होल्टवर ५० वॉट. कमाल शिफारस २६ व्होल्ट. दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे स्वस्त बोर्डावर २५ व्होल्टचे कपॅसिटर लावलेले असतात आणि सोबत २४ चा अडॅप्टर देतात. वर्षभरात डोकी फुगतात. ३५ व्होल्टचे असलेलाच बोर्ड घ्या किंवा बदलून घ्या. दुसरं, हीटसिंकखाली पेस्ट नसते किंवा स्क्रू ढिला असतो. स्क्रू काढून बघा; चिपच्या पाठीवर पेस्टचा पातळ, सारखा थर दिसला पाहिजे. बोट फिरवल्यासारखा एका कोपऱ्यात गोळा दिसला तर पुसा, तांदळाएवढी पेस्ट मधोमध ठेवा, स्क्रू आलटून-पालटून आवळा.

टीडीए७४९८ई: ३६ व्होल्टपर्यंत चालते, दणकट आहे, पण नव्याने घ्यायचं असेल तर आज टीपीए३२५५ सरस. टीपीए३२५५ ला १८ ते ५३.५ व्होल्ट चालतात आणि फोसी व्ही३, आयिमा ए०७ यांसारख्या लोकप्रिय डब्यांत हीच असते. बोर्डावरचे मोठे कपॅसिटर ६३ व्होल्टचे आहेत का ते बघा. ४८ व्होल्टला ५० चे लावणं म्हणजे काठोकाठ भरलेली कळशी.

यांच्या वर तयार मोड्यूलांची दुनिया: हायपेक्सचे एनकोअर, डेन्मार्कचे आईसपॉवर, प्युरिफाय. एनकोअर एनसी२५२एमपी ४ ओहमला दर चॅनेल २५० वॉट देतं आणि त्याचा वीजपुरवठा त्याच पाटीवर असतो, वेगळा अडॅप्टर नाही. म्हणजे पाटीवर थेट २३० व्होल्ट खेळत असतात. अर्थिंग केलेल्या धातूच्या डब्यातच बसवा. यांची खरी श्रीमंती वॉटमध्ये नसून फिडबॅकमध्ये (आउटपुट परत आत आणून चूक सुधारण्यात) आहे, आणि त्यासाठी फिल्टरकडे वळायला हवं.

पायरी ४: फिल्टर आणि कॉईल

ही जागा बहुतेक जण सोडून देतात. टीपीए३११६ च्या बोर्डावर साधारण १० मायक्रोहेन्रीची कॉईल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. हा फिल्टर कसा वागेल ते समोरचा स्पीकर किती ओहमचा आहे यावर ठरतं. वरच्या किमतींनी हिशेब केला तर २० किलोहर्ट्झला ८ ओहमवर आवाज साधारण अर्धा डेसिबल वर जातो, ४ ओहमवर पाऊण डेसिबल खाली येतो. म्हणून एकच अँप एकाकडे ‘कुरकुरीत’ आणि दुसऱ्याकडे ‘मऊ’ वाटतं आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फरक अगदी वरच्या पट्टीतला आहे. चाळिशी ओलांडलेल्या कानाला तिथलं फारसं ऐकू येतही नाही, तेव्हा यासाठी झोप घालवू नका.

टीपीए३२५५ च्या नव्या अँपांत ‘पीएफएफबी’ असं लिहिलेलं दिसतं. अर्थ असा, की फिडबॅक चिपच्या पायावरून न घेता फिल्टरच्या पुढून घेतलाय, त्यामुळे फिल्टरची चूक अँप स्वतःच दुरुस्त करतं आणि स्पीकर बदलला तरी स्वर बदलत नाही. हायपेक्सने आणि प्युरिफायने नाव कमावलं ते याच कल्पनेवर. दोन्हींच्या मागे इंजिनिअर ब्रुनो पुत्झेस यांचं डोकं आहे, आणि त्याआधीचं त्यांचं यूसीडी हे क्लास डी डिझाइन फिलिप्समध्ये जन्मलं. सारख्या किमतीत दोन टीपीए३२५५ समोर असतील तर पीएफएफबीवालं घ्या.

कॉईल डोळ्यांनीही पारखता येते. बोटाच्या नखाएवढ्या चार काळ्या चौकोनी कॉईल आणि दावा १०० वॉटचा, असं असेल तर बासच्या ठोक्याला कॉईलचा गाभा भरून जातो, तिचं काम थांबतं आणि आवाज घोगरा होतो. मोठ्या, जाड वायरच्या कॉईल असलेला बोर्ड दिसायला ओबडधोबड असला तरी तोच उचला.

गेनचा (इनपुट किती पट वाढवायचं त्याचा) आकडाही इथेच पाहून ठेवा. टीपीए३११६ ला २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल गेन लावता येतो. ३६ वर ट्वीटरमधून सतत सूं ऐकू येतं. २६ म्हणजे २० पट. २४ व्होल्टचं अँप पूर्ण वाजवायला सुमारे ०.८५ व्होल्ट इनपुट पुरतं आणि बऱ्याच मोबाईल-टीव्हीतून जवळपास तेवढं मिळतं. टीपीए३२५५ चा गेन २१.५ डेसिबल ठरलेला आहे. ४८ व्होल्टला तिला पुढून २.८ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून डब्यात आधी ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपचा) टप्पा असतो. तो सॉकेटमध्ये असतो आणि महागडे ऑप-अँप बदलायची हौस तिथूनच सुरू होते. अस्सल एनई५५३२ असेल तर हात लावू नका. बाजारातल्या ‘भारी’ ऑप-अँपमध्ये नकली माल इतका आहे की पैसे देऊन आवाज बिघडवून घेतला जातो.

पायरी ५: अडॅप्टरची परीक्षा

लेबलवर ५ अँपिअर लिहिणं फुकट असतं, देणं नसतं. तपासायला महाग यंत्र नको. ऑटो पार्ट्सच्या दुकानात ट्रकच्या इंडिकेटरचे २४ व्होल्ट २१ वॉटचे बल्ब मिळतात. एक बल्ब सुमारे ०.९ अँपिअर ओढतो. पाच घ्या, होल्डरसकट.

१. अडॅप्टर नुसता चालू करून मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. २४ च्या आसपास हवेत.
२. पहिला बल्ब जोडा, पेटला की दुसरा, असे एकेक करून पाच समांतर जोडा. पाचही एकदम जोडले तर थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते आणि चांगला अडॅप्टरही लुकलुक करत बसतो. तो दोष धरू नका.
३. पाच बल्बांवर सुमारे ४.४ अँपिअर झाले. व्होल्ट २३.५ च्या वर टिकले पाहिजेत.
४. वीस मिनिटं ठेवा. डबा तापेल, पण तळहात ठेवता आला पाहिजे. जळका वास, बल्बांची फडफड किंवा उतरत जाणारे व्होल्ट दिसले तर तो परत करा.

बल्ब चांगलेच तापतात. फरशीवर किंवा चिऱ्यावर ठेवा, टेबलाच्या सनमायकावर नको.

जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर तो अनेक नव्या अडॅप्टरांपेक्षा भरवशाचा. ६५ वॉटचा म्हणजे ३.४२ अँपिअर, ९० चा म्हणजे ४.७४. ४ ओहमच्या स्पीकरला टीपीए३११६ जोडायची असेल तर मुद्दाम हाच वापरा, २४ नको.

लाईटचं काय? व्होल्टेज १७० पर्यंत उतरलं तरी १००–२४० लिहिलेला एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा अडॅप्टर) चालत राहतो, स्टॅबिलायझर लागत नाही. भीती आहे ती लाईट परत येतानाच्या झटक्याची आणि विजेची. मे अखेरच्या वळवात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढा. वीज केबलमधूनही येते.

बॅटरीवर चालवायचं असेल तर टीपीए३११८ किंवा ३११६ थेट १२ व्होल्टवर चालते. ४ ओहमचे स्पीकर लावा, पंधराएक वॉट मिळतात, घरच्या भजनाला पुरतात. बॅटरीच्या प्लसपाशीच ५ अँपिअरचा फ्यूज हवा. दोन बॅटऱ्या जोडून २४ करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की चार्जिंग चालू असताना हेच २८ च्या वर जातं आणि ३११६ ची शिफारस २६ ला संपते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून वायर काढू नका. काही इन्व्हर्टरांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि बॅटरीचं टोक मेनशी जोडलेलं असू शकतं. वेगळी बॅटरी ठेवा.

पायरी ६: मोजून आणि ऐकून तुलना

८ ओहम १०० वॉटचे ॲल्युमिनियम कवचाचे दोन रेझिस्टर घ्या आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर स्क्रूने बसवून स्पीकरच्या जागी जोडा. मोबाईलवर १०० हर्ट्झचा टोन तयार करा, −२१ डेसिबलपासून ३-३ च्या पायऱ्यांनी वर. १०० हर्ट्झ अशासाठी की साधा मल्टिमीटर एसीवर जास्त वारंवारतेला चुकतो.

प्रत्येक पायरीला आउटपुटचे व्होल्ट मागच्यापेक्षा १.४१ पट व्हायला हवेत. ४, ५.७, ८, ११.३ असं चढत गेलं आणि पुढच्याला १६ ऐवजी १५ वर अडलं, तर अँप तिथे कापायला लागलं. १५ चा वर्ग भागिले ८, म्हणजे २८ वॉट. दोन्ही चॅनेलवर लोड ठेवून पुन्हा मोजा. आकडा पडला तर अडॅप्टर कमी पडतोय. प्रत्येक मोजणी दहा सेकंदांत आटपा, रेझिस्टर चटका देतात.

इथे एक जपायचं. ब्रिज अँपचं स्पीकरचं काळं टोक ‘ग्राउंड’ नसतं. बॅटरीवरचा मल्टिमीटर चालतो, पण ऑसिलोस्कोपचा क्लिप तिथे लावलात तर चिप गेली. दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करणारे जुने स्विच बॉक्स, तीन वायरींचे हेडफोन जॅक, कॉमन मायनसची जुनी घरातली वायरिंग, सगळ्यांचा शेवट तोच. तक्रार येते ती ‘चिनी माल, दोन दिवसांत गेला’ अशी.

ऐकून तुलना करताना आवाज जुळवणं हेच निम्मं काम. जो अँप जरासा मोठा वाजतो तोच कानाला ‘चांगला’ वाटतो. स्पीकर जोडून १०० हर्ट्झच्या टोनवर स्पीकरच्या टोकांशी २.०० व्होल्ट आणा, दुसऱ्या अँपवर १.९८ ते २.०२ च्या आत. मग व्हॉल्यूमला हात नाही. वायर बदलायला घरातल्या कोणाला तरी बसवा आणि कोणतं अँप चालू आहे ते सांगू नको म्हणा. एकाच गाण्याचे तेच तीस सेकंद, दहा वेळा. दहापैकी आठ-नऊ वेळा ओळखता आलं तर फरक खरा. पाच-सहा वेळाच आलं तर स्वस्तातलं घ्या.

पायरी ७: खारी हवा

किनाऱ्यावर क्लास डी उष्णतेने मरत नाही, दमटपणाने मरतं. चिपच्या पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर. डाग देताना बोर्डावर राहिलेल्या फ्लक्सच्या चिकट्यावर खारं बाष्प बसलं की या फटीत गळती सुरू होते; आधी खरखर, मग एक चॅनेल बारीक, मग बंद. मे मध्ये डब्यात भरून माळ्यावर टाकलेलं अँप गणपतीत काढलं की हेच होतं. चालू अँप स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, म्हणून पावसाळ्यात ते रोज तासभर वाजत असलेलं बरं.

नवा बोर्ड डब्यात बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने मागची बाजू धुवा, फ्लक्सचा पिवळट चिकटा गेला पाहिजे. दोन दिवस उन्हात नीट वाळू द्या. मग ॲक्रिलिक कोटिंगचा फवारा, दोन पातळ हात. व्हॉल्यूम पॉट, सॉकेट, कनेक्टर आणि हीटसिंकची जागा आधी चिकटपट्टीने झाका. पॉटमध्ये फवारा गेला तर पॉटच बदलावा लागतो.

डब्याच्या भोकांना आतून स्टीलची मच्छरजाळी लावा. पावसाळ्यात मुंग्या उबेला येतात, अंडीसुद्धा आणतात, आणि पालीला तर दोन टोकांमध्ये आडवं पडायची आवडच. कापूर-डांबरगोळीची वाफ काही प्लास्टिकला खाते, त्या नकोत. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून घ्या.

वायर शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर खाऱ्या हवेत टोकाशी पांढरी भुकटी होऊन तुटते. ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत द्या. कलई केलेली तांब्याची मिळाली तर उत्तम. १० मीटर अंतराला १.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन सुमारे ०.२४ ओहम घेते, २.५ ची ०.१५. ८ ओहमला १.५ पुरते, ४ ओहमला लांब ओढायची असेल तर २.५ घ्या. दर पावसाळ्यानंतर टोक सेंटिमीटरभर कापून नवं सोला.

बिघाड आणि त्यांची मुळं

बासच्या ठोक्याला आवाज क्षणभर जाऊन परत येतो: अडॅप्टर खचतोय किंवा ४ ओहमवर व्होल्टेज जास्त आहे. आधी व्हॉल्यूम कमी करून बघा, मग दुसरा अडॅप्टर लावून.

टीव्ही जोडला की घूं: ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली जाऊन त्यात फिरणारा करंट. डिशची केबल काढल्यावर घूं गेली तर खात्री पटली. टीव्ही आणि अँप दोन्हींना ऑप्टिकल असेल तर ती केबल लावा. अर्थची पिन तोडणं हा उपाय नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरमुळे आरसीए (लाल-पांढऱ्या ऑडिओ प्लगच्या) धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तो अडॅप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरचा गळता करंट. सहसा धोक्याचा नसतो, पण जोडताना सगळे प्लग काढून जोडा, नाहीतर तोच झटका इनपुटला बसतो. कातळावरच्या घरांत अर्थिंगच कच्चं असतं; उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखी बिघडतं. खड्ड्यात पाणी घालायची जुनी सवय सोडू नका.

एकाच बाजूला खरखर: इनपुटच्या केबली उजव्या-डाव्या बदला. खरखर बाजू बदलून गेली तर दोष मागच्या यंत्रात किंवा केबलमध्ये, जागच्या जागी राहिली तर अँपमध्ये, बहुधा व्हॉल्यूम पॉट.

रेडिओत खसखस: अँपची उघडझाप ४०० किलोहर्ट्झची असेल तर तिची दुप्पट ८०० आणि तिप्पट १२०० बरोबर मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात. मीडियम वेव्हवर आकाशवाणी रत्नागिरी लावणारं कोणी घरात असेल तर रेडिओ अँपपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा, स्पीकरच्या वायरींचे दोन पदर एकमेकांत पिळून घ्या आणि अँपच्या तोंडाशी दोन्ही मिळून फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेढे काढा. तरी राहिलं तर दोष अँपच्या प्लास्टिकच्या डब्याचा आहे. तोच बोर्ड पत्र्याच्या डब्यात घालून बघा.